वांद्र्यात भाव चढतो, वस्ती नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या घरबांधणी पुरवणीत वांद्रे-खार परिसरातील जागांच्या भावांविषयी आलेला लेख लक्षपूर्वक वाचला. समुद्राचे सान्निध्य, २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू, रेल्वेमार्गापलीकडे उभे राहिलेले वांद्रे-कुर्ला संकुल ही त्यात दिलेली कारणे मान्य होण्यासारखी आहेत. मात्र यादीत सर्वांत वर ठेवलेले कारण, म्हणजे इथल्या वाढत्या लोकसंख्येचा जागेवर येणारा ताण, वस्तुस्थितीला धरून नाही. चाळीसहून अधिक वर्षे मी वांद्रे पश्चिमेत राहतो आणि त्यांपैकी अकरा वर्षे आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव होतो, त्यामुळे हा विषय मला केवळ ऐकीव नाही. पत्र लांबले आहे याची जाणीव आहे. काटछाटीचा अधिकार अर्थातच आपला.

वांद्रे, खार आणि सांताक्रूझ यांचा रेल्वेच्या पश्चिमेकडील भाग महानगरपालिकेच्या एच-पश्चिम विभागात येतो. २००१ च्या जनगणनेत या विभागाची लोकसंख्या ३,३७,३९१ होती. २०११ मध्ये ती ३,०७,५८१ भरली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे तीस हजार माणसे, शेकडा नऊच्या आसपास, कमी झाली. त्याच दशकात मुंबई उपनगर जिल्हा ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेला आणि आमच्या उत्तरेला लागून असलेला, जुहू-वर्सोव्याचा समुद्रकाठ ज्यात येतो तो के-पश्चिम विभागही वाढला. जुने शहर ओसरत आहे, हे आपण सारे जाणतो. तिथे राहत्या घरांच्या जागी कचेऱ्या आणि गोदामे आली, असा त्याचा उलगडाही करता येतो. आमच्याकडे मात्र बव्हंशी घरे पाडून त्या जागी घरेच बांधली गेली, आधीपेक्षा उंच आणि आधीपेक्षा ऐसपैस, आणि तरीही माणसे घटली.

हे आकडे सावधगिरीने वाचले पाहिजेत, हे मान्य. कुटुंबे सर्वत्रच लहान होत आहेत आणि झोपड्यांतील काही कुटुंबे या काळात अन्यत्र हलली. शिवाय २०११ नंतर शिरगणती झालीच नाही. २०२१ ची जनगणना राहून गेली आणि महानगरपालिकेच्या प्रभागांची रचनासुद्धा अद्याप त्याच जुन्या संख्येवर बेतलेली आहे. परंतु हाती असलेला शेवटचा मोजलेला आकडा घट दाखवत असताना वाढ गृहीत धरून भावांचे समर्थन करणे, हे मला उफराटे वाटते. इथे वाढले आहे ते बांधलेले क्षेत्रफळ. ते कोणी वापरते आहे की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि तो कोणी विचारताना दिसत नाही.

हे उपनगर मुळात श्रीमंतांसाठी वसलेले नव्हते, हेही नव्या वाचकांना सांगायला हवे. रानवर, चिंबई, पाली, शेर्ली, राजन अशी ईस्ट इंडियन (म्हणजे मूळच्या इथल्याच) ख्रिस्ती आणि कोळी लोकांची गावे, त्यांची भातशेती आणि होड्या, एवढाच इथला पसारा होता. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला, पुढे रेल्वे आली, १८९६ च्या प्लेगने दाट वस्तीतल्या लोकांना मोकळ्या हवेची गरज पटवून दिली आणि मग नगररचना योजनांनी शेतांचे भूखंड पाडले. ते भूखंड घेणाऱ्यांत पाली हिलवर बंगले बांधणारे धनिक होते, तसेच कारकुनी करणारे पगारदारही होते. १९१८ साली स्थापन झालेली सालसेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था ही अशाच पगारदारांनी एकत्र येऊन आपल्यापुरता केलेला उपाय होता. सांताक्रूझची सारस्वत कॉलनीही त्याच वळणाची. स्वातंत्र्यानंतर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे खारला आली, गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेली माणसे आली, आमच्यासारखी गिरगाव-दादरच्या चाळीत न मावलेली मराठी बिऱ्हाडेही आली. सहकार हा शब्द तेव्हा संस्थेच्या पाटीवर केवळ कायद्याने लिहावा लागतो म्हणून लिहिलेला नसे.

भाड्याच्या घरांचे मात्र लवकरच वाटोळे झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधून टाकली, त्यामुळे नवी भाड्याची इमारत बांधणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरला आणि जुन्यांची डागडुजी थांबली. १९९९ चा कायदा येईपर्यंत पागडीचा, म्हणजे भाड्याच्या घराच्या ताब्यासाठी एकरकमी पैसे देण्याचा, व्यवहार टेबलाखालून चालत राहिला. मालकी हक्काच्या घरांची लाट आली ती १९४७ च्या त्या कायद्यानंतर. आमची इमारत त्याच लाटेतली, १९७१ साली बांधलेली. तळमजला अधिक तीन मजले, सोळा घरे, लिफ्ट नाही. बँकेतले दोघे, एक शिक्षिका, विमान कंपनीतला एक मेकॅनिक, रेल्वेतले एक, एक शिंपी ज्यांचे दुकान बाजारात होते, असे आमचे मूळ सभासद. मी आलो तेव्हा सोळा घरांत मिळून सत्तरच्या वर माणसे राहत होती. आज अडतीस राहतात. त्यांतील एकवीस जण साठी ओलांडलेले आहेत आणि तीन घरांना वर्षभर कुलूप असते. मुले कॅनडा, ऑस्ट्रेलिया, पुणे, ठाणे अशी पांगली. शाळेत जाणारी मुले संपूर्ण इमारतीत चार. एका इमारतीवरून विभागाचा निष्कर्ष काढू नये हे मला कळते, पण आजूबाजूच्या संस्थांच्या सचिवांशी बोललो असता त्यांच्याकडील चित्र यापेक्षा फारसे वेगळे आढळले नाही.

आता भावांकडे वळतो. समुद्राकाठच्या नव्या इमारतीत चौरस फुटाला लाख रुपये हा दर ऐकून आज कोणी दचकत नाही. यामागे जे कारण आहे त्याची चर्चा आपल्या लेखात आली नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने, समुद्रालगतच्या बांधीव पट्ट्यात चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, त्या दिवशी लागू असलेल्या नियमांवर गोठवला. कार्टर रोड, बॅंडस्टॅंड आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांतील इमारती त्यामुळे जुनाट होत गेल्या तरी पाडून नव्याने बांधणे विकासकांना परवडेना. २०१९ च्या अधिसूचनेने ही गोठण उठवली. त्याच्या आधीच्याच वर्षी मुंबईची २०३४ पर्यंतची विकास नियंत्रण नियमावली लागू झाली होती, जिच्यात जुन्या गृहनिर्माण संस्थांना पुनर्विकासासाठी जादा चटई क्षेत्र मिळते. अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून आणखी क्षेत्र घेता येते, हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या भूखंडावरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन त्यावर आणखी. करोनाच्या वर्षी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, राज्य सरकारने मुद्रांक शुल्क दोन टक्क्यांवर आणले आणि त्या सवलतीचा सर्वांत मोठा रोख लाभ अर्थातच महागातली महाग घरे घेणाऱ्यांना झाला. तीस वर्षे दाबून ठेवलेली स्प्रिंग एकदम सुटावी तसा हा सारा प्रकार आहे. आमच्या गल्लीच्या दोनशे पावलांत सध्या पाच ठिकाणी पत्र्याची कुंपणे आहेत.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही, हे इथेच स्पष्ट करतो. तिसऱ्या मजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईंना खुर्चीत बसवून दवाखान्यात नेताना जिन्यावर जी कसरत होते ती मी स्वतः केली आहे. छपराचे गिलावे पडतात, खाऱ्या हवेने सळ्या फुगतात, गच्चीच्या गळतीवर दर पावसाळ्याआधी लाख-दीड लाख ओतावे लागतात. पन्नास वर्षांच्या किनाऱ्यावरील इमारतीला याहून अधिक आयुष्य नसते. माझा आक्षेप एवढाच, की घरांची टंचाई दूर व्हावी म्हणून जे जादा चटई क्षेत्र सार्वजनिक निर्णयाने दिले जाते, त्यातून राहती घरे किती निर्माण झाली याचा हिशेब कोणीच मागत नाही.

हा हिशेब कागदावर एक आणि प्रत्यक्षात दुसरा का असतो, त्याचे उदाहरण देतो. शेजारची आमच्याच वयाची इमारत आठ वर्षांपूर्वी पाडली गेली. जुनी घरे बारा होती, मंजूर नकाशात नवी घरे बावीस झाली. आकडा पाहून कोणालाही वाटेल की दहा कुटुंबांची सोय वाढली. विक्रीच्या दहा घरांपैकी आठ घरे दोन-दोन अशी जोडून विकली गेली. ज्यांना आपल्याकडे जोडी फ्लॅट म्हणतात ती हीच. नोंदणी दोन घरांची, दरवाजा एक, कुटुंबही एकच, आणि तेही असले तर. जुन्या बारा सभासदांपैकी आज तिथे पाच उरले आहेत. गल्लीच्या तोंडाशी बसणारा इस्त्रीवाला हा अशा बाबतीत कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा भरवशाचा माणूस असतो, म्हणून त्यालाच विचारले. जुन्या इमारतीतील बारांपैकी नऊ-दहा घरांचे कपडे त्याच्याकडे येत असत, आता नव्या इमारतीतील आठ घरांचे येतात. उरलेल्या घरांत काही जण कपडे घरीच करून घेत असतील. पण सगळे नव्हे, असे तो हसून म्हणाला.

जुने सभासद नव्या घरात का टिकत नाहीत, याचे उत्तर लोभ असे एका शब्दात देण्याची प्रथा आहे. ते अन्यायाचे आहे. साडेचारशे चौरस फुटांच्या घराला आज मालमत्ता कर नाही, कारण १ जानेवारी २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना महानगरपालिकेने तो माफ केला. पुनर्विकासात तेच घर सहाशे चौरस फुटांचे झाले की माफी संपते आणि कराची आकारणी भांडवली मूल्यावर होते, म्हणजे नव्या इमारतीच्या आणि वांद्र्याच्या रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेल्या, दराच्या हिशेबाने. दोन-तीन लिफ्ट, यांत्रिक वाहनतळ, अग्निशमनाचे पंप, जनरेटर, सुरक्षारक्षक यांचा देखभाल खर्च वेगळा. आज महिन्याला दोन-अडीच हजार भरणाऱ्या निवृत्त माणसाला तिथे त्याच्या अनेक पट भरावे लागतात. विकासक जो कॉर्पस निधी देतो त्याच्या व्याजातून हे भागेल, असे सभेत नेहमी सांगितले जाते. काही वर्षे भागतेही. त्यानंतर निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस ते घर विकून वसई, विरार, बदलापूर असे काही तरी गाठतो, किंवा मुलाकडे जातो. तो हुशारीने वागतो. त्याच्या जागी मीही कदाचित हेच करीन. परंतु त्या घरात त्याच्यानंतर शिक्षिका किंवा शिंपी कधीच येऊ शकत नाही.

मग तिथे येते कोण? काही घरांत खरोखरीच कुटुंबे येतात, वांद्रे-कुर्ला संकुलात काम करणारी, चित्रपट आणि जाहिरात व्यवसायातली, आणि ती येणे उपनगराला बरेच आहे. उरलेल्या घरांत पैसा राहायला येतो, माणूस नाही. अशा पैशाला आपली करव्यवस्था किती प्रेमाने वागवते ते पाहण्यासारखे आहे. तीस लाखांचे घर घेणारा नोंदणी शुल्क म्हणून तीस हजार रुपये भरतो आणि तीस कोटींचे घर घेणाराही तेवढेच, कारण शुल्काची कमाल मर्यादाच तीस हजारांची आहे. मुद्रांक शुल्क टक्केवारीने आहे, तिथे तक्रार नाही. घर भाड्याने दिले तर भाड्यावर प्राप्तिकर द्यावा लागतो. कुलूप लावून ठेवले तर मात्र २०१९ च्या अर्थसंकल्पापासून स्वतःच्या वापराचे म्हणून एक सोडून दोन घरे करमुक्त दाखवता येतात. आमच्या गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींचीही हीच तऱ्हा आहे. सभासदाने घर भाड्याने दिले तर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क आकारता येते, पण घर नुसते बंद ठेवले तर आकारता येत नाही. म्हणजे राहायला माणूस आणणाऱ्याला भुर्दंड आणि जागा अडवून ठेवणाऱ्याला अभय. सचिव असताना मी हा प्रश्न निबंधक कार्यालयात एकदा तोंडी विचारला होता. तेथील गृहस्थांनी चहा दिला.

देशाच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत, २०११ च्या जनगणनेच्या आधारे, मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी असल्याचे नमूद केले होते. देशातील कोणत्याही शहरापेक्षा हा आकडा मोठा होता. दिल्ली आणि बंगळूरू प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास होते. ज्या शहरात निम्मी माणसे पुरेशा घराविना राहतात तिथे ही स्थिती आहे, आणि त्या पाहणीनंतर विधिमंडळात किंवा महापालिकेच्या सभागृहात याचा पाठपुरावा झाल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही.

वांद्र्याला सरसकट श्रीमंत म्हणण्याची जी सवय आपल्या पुरवण्यांना जडली आहे तिच्याबद्दलही दोन शब्द. चिंबईला अजून होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या दिसतात आणि खारदांड्याचा कोळीवाडा आपल्या जागी आहे. रानवरच्या लाकडी जिन्यांच्या घरांत दोन-तीन पिढ्या एकत्र राहतात. रेक्लमेशनजवळच्या आणि बाजारामागच्या झोपड्यांत हजारो माणसे आहेत, जी समोरच्या टोलेजंग इमारतींत स्वयंपाक, सफाई, राखण आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतात. या विभागाची दाट वस्ती आज इथेच आहे. लोकसंख्येचा ताण शोधायचा असेल तर तो या गल्ल्यांत, त्यांच्या नळांवर आणि शौचालयांत सापडेल. विकल्या जाणाऱ्या समुद्राभिमुख घरांशी त्या ताणाचा काही संबंध नाही, आणि त्या घरांनी तो रेसभरही हलका होणार नाही. गावठाणातला एखादा तरुण लग्नानंतर वेगळे बिऱ्हाड करू म्हणतो तेव्हा त्याला वांद्र्यात, खारमध्ये, सांताक्रूझमध्ये काहीही मिळत नाही. आईबापांच्या घरावर पत्रा वाढवणे किंवा वसईला जाणे, एवढेच त्याच्या हाती असते. सप्टेंबरात मोत माउलीच्या जत्रेला अशी कितीतरी कुटुंबे लोकलने परत येतात. त्यांच्याकडे पाहिले की वांद्र्याचे जुने रहिवासी आज कुठे राहतात याचा अंदाज येतो.

या सगळ्यावर काय करता येईल, याबद्दल माझ्या अपेक्षा लहान आहेत. पुढील जनगणनेची गणना तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे आणि घरयादीचे काम त्याआधी होते. त्या यादीत रिकाम्या आणि कुलूपबंद घरांची नोंद होतच असते. महाराष्ट्र शासनाने ती विभागवार, निदान महापालिकेच्या विभागांपुरती तरी, लवकर प्रसिद्ध करून घ्यावी. जादा चटई क्षेत्राचे धोरण ठरवताना ती समोर ठेवावी. बिनभोगवटा शुल्क भाड्याच्या घरावरून उचलून सलग वर्षभर बंद असलेल्या घरावर बसवण्यास संस्थांना मुभा द्यावी. नोंदणी शुल्काची तीस हजारांची मर्यादा पाच कोटींच्या वरच्या व्यवहारांना लागू नसावी. यातून वांद्र्याचे भाव खाली येतील असा माझा मुळीच दावा नाही.

आपल्या पुरवणीलाही एक विनंती आहे. नव्या प्रकल्पाची बातमी छापताना दराबरोबर जुनी घरे किती होती, नवी किती झाली आणि ताबा दिल्यानंतर वर्षभराने प्रत्यक्ष किती घरांत माणसे राहतात, हे तीन आकडे विकासकाकडून मागून घ्यावेत. तिसरा मिळणार नाही. इस्त्रीवाल्याकडे मिळेल.

आमच्या संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा पुढील महिन्यात आहे. पुनर्विकासाला एक्कावन्न टक्के सभासदांची संमती पुरते आणि ती सहज मिळेल. माझे मतही होकाराचेच असेल. प्रस्तावात जुनी घरे सोळा आणि नवी चोवीस असे लिहिले आहे. विक्रीच्या आठ घरांमधल्या भिंती नकाशात कोणत्या जाडीच्या दाखवल्या आहेत आणि त्या पुढे काढता येणाऱ्या आहेत का, हा प्रश्न मी लेखी दिला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक, वांद्रे (पश्चिम), मुंबई